नखधार

१

दर आठवड्याला धाकटी तिची हत्यारं माझ्याकडे धारेला आणायची. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. ती लेथवर लाकूड कातते. वाडगे, डबे, खुर्च्यांचे पाय, जे लागेल ते. मी धार लावते. वडील कातारी होते. त्यांच्या हाताखाली ती लेथपाशी उभी राहिली आणि मी ग्राइंडरपाशी. पुढं दोघींची लग्नं झाली, तिचं मोडलं, माझं टिकलं, पण ही वाटणी काही बदलली नाही.

माझा ग्राइंडर घराच्या मागच्या खोलीत असतो. पुढच्या खोलीत यांचं शिलाईमशीन. हे शिंपी. दिवसभर पुढून खडखड आणि मागून घर्रघर्र. नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, नवरा-बायकोचं चांगलंच जुंपलंय.

धाकटीची हत्यारं ज्या गुंडाळीत असतात ती यांनीच शिवलेली. जाड कापड, बांधायला बंद, प्रत्येक हत्याराचं माप घेऊन केलेला वेगळा खिसा, आणि सगळ्या खिशांवर झाकण म्हणून येणारी एक पट्टी. पट्टी पाडली की आतलं काही दिसायचं नाही. इतकं नेमकं.

त्या दिवशी सकाळी मी गुंडाळी बाकावर उलगडली, तर पट्टी एका ठिकाणी वर उचललेली दिसली. गोल पटाशीची मूठ खिशातून बोटभर बाहेर आली होती.

गोल पटाशी म्हणजे अर्धी नळीच. नळी उभी चिरावी आणि अर्ध्या तुकड्याच्या टोकाला धार काढावी, तसं हत्यार. वाडगा आतून पोखरायला हिच्यासारखं दुसरं काही नाही. मला वाटलं, खिशाच्या तळाला भुसा साठला असेल. मी खिसा उलटा करून झटकला. चिमूटभर भुसा पडला. पटाशी पुन्हा आत घातली, वरून दाबली. मूठ बोटभर बाहेरच.

२

"तुमचं कापड आटलंय," मी यांना म्हणाले.

शिंप्याला असं म्हणणं म्हणजे आचाऱ्याला मीठ विसरलास म्हणणं. यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मशीनवरचा पाय काढला, गळ्यातला टेप उतरवला आणि मागं आले. आधी खिसा मोजला, मग पटाशी, मग परत खिसा.

"खिसा आहे तेवढाच आहे," हे म्हणाले. "हीच वाढलीय."

"पोलाद वाढतं का कुठं?"

"लोकांची पोटं वाढतात ते मी रोज बघतो. पोलादाचं पहिल्यांदाच बघतोय." हसले. मग हसू जरा ओसरलं. यांना माणसं विसरायला होतात, मापं नाही. "बदलली असेल धाकटीनं. दुसरी घेतली असेल."

दुसरी नव्हती. ती मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! गेल्या वर्षी एक कारखाना बंद पडला, तिथून मी हत्यारांची एक पेटी आणली होती. बहुतेक सगळं गंजलेलं. त्यातच ही होती. जाड, गडद लाकडाची मूठ, पोलाद उत्तम, पण तोंड सपाट आणि फुटकं. मी कितीतरी दुपारी खर्चून तिला नखधार काढली. टोक गोल, दोन्ही कडा मागं ओढलेल्या, अगदी अंगठ्याच्या नखासारखा आकार. आमच्या धंद्यात तिला म्हणतातच नखधार.

ती मी धाकटीसाठीच घडवली होती. त्याआधी दोन वर्षं धाकटी रिकामी बसली होती. लेथवरून ओंडका सुटून तिच्या उजव्या हातावर आदळला होता. हाड जुळलं, पण हात थरथरायचा थांबला नाही. चहाचा कप बशीत वाजायचा. तिनं लेथवर चादर टाकली आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. मी ही पटाशी तिच्या हातात दिली ती नुसती धरून बघ म्हणून. आठवड्याभरात चादर निघाली. त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते, यांनी कुणाचा तरी झब्बा मला डोळे पुसायला दिला होता.

तेव्हा ती दुसरी असणं शक्य नव्हतं. आणि तीच असेल तर कमी व्हायला हवी होती. धार लावायची म्हणजे झिजवायचं. दर खेपेला हत्यार केसभर तरी कमी होतं. वडिलांची आवडती पटाशी शेवटी इतकी आखूड झाली होती, की आई तिनं डब्यांची झाकणं उचकटायची.

३

मी ग्राइंडर सुरू केला. मुठीचं बूड टेकूच्या खाचेत ठेवायचं, धारेमागचा उतार फिरत्या दगडाला अलगद लावायचा आणि मनगटातून डावीकडे-उजवीकडे झुलवत राहायचं. जोर करायचा नाही. ठिणग्या धारेच्या वरून सांडायला लागल्या, की समजायचं, पोचलो.

ठिणग्या आल्याच नाहीत.

दगडाखालच्या पत्र्यावर पांढरी भुकटी मात्र पडत होती, पिठासारखी. आणि वास येत होता. पोलाद तापल्याचा वास मला झोपेतही ओळखू येईल. हा तो नव्हता. केस दिव्याला लागून जळले तर येतो तसा काहीसा.

काही पोलादं ठिणग्या कमी टाकतात, हे मला माहीत होतं. दगडाचं तोंड बुजलं असेल, असंही असू शकतं. म्हणून मी साधी पटाशी घेऊन दगडाला लावली. लख्ख ठिणग्या उडाल्या. ती ठेवली, पुन्हा हिला लावलं. पांढरी भुकटी. मग आठवायला बसले, की मागच्या खेपेला ठिणग्या आल्या होत्या का? त्याच्या मागच्या? रोजच्या कामात माणूस हातानं काम करतो, डोळे कुठंतरी दुसरीकडेच असतात. आठवेना.

धार बघायची माझी सवय अशी, की ती अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायची. सरकली तर बोथट, धरली तर झाली. मी टेकवली. तिनं धरलं. पण पातं रुततं तसं नव्हतं ते. गर्दीत कुणी बोटाला बोट अडकवावं, तसं वाटलं. मी अंगठा झटकन मागं घेतला आणि स्वतःलाच म्हणाले, वय झालं बाई.

४

धाकटी हत्यारं न्यायला आली तेव्हा मी बाकीची दिली आणि ही ठेवून घेतली.

"दगड बदलायचाय," मी म्हणाले. "मग हिची धार नीट काढून देते."

"उद्या देशील?"

"बघू."

"उद्याच दे, ताई." ती दारापाशी थांबून राहिली. गुंडाळीतल्या रिकाम्या खिशावरून तिचा हात फिरत होता. थरथरत होता. "तिच्याशिवाय माझं काही होत नाही."

मी पटाशी बाकाच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारचं जेवण करत होतो. दोघांचीही यंत्रं बंद. खिडकीतून ऊन ताटापर्यंत आलेलं. मागच्या खोलीतून खर्र असा आवाज आला. थांबला. मग पुन्हा, जरा लांब.

"उंदीर," हे म्हणाले.

"हं," मी म्हणाले.

आम्ही जेवत राहिलो. यांनी एकदाही मान वर केली नाही, मीही नाही. पण घास दोघांचेही लहान झाले होते. तो आवाज कुरतडण्याचा नव्हता. उंदीर घाईत असतो, थांबून कानोसा घेतो. हे सावकाश चाललं होतं. कंटाळलेलं माणूस बसल्या बसल्या टेबलावर नख ओढतं, तसं.

जेवण झाल्यावर मी खण उघडला. पटाशी ठेवली होती तशीच होती. खणाच्या पुढच्या फळीवर आतून ओरखडे होते, एकाशेजारी एक, ताजे, पांढरे. त्यांचा भुसा पटाशीच्या पन्हळीत साचला होता.

हत्यार खणात सरकलं असेल. मी खण धसमुसळेपणानं लावला असेल. मी ही सगळी कारणं मनात मांडली आणि ती सगळी शहाणी होती. फक्त खाली बघितलं की पटत नव्हती.

५

पोलाद जिथं मुठीत शिरतं तिथं लाकूड फाटू नये म्हणून पितळेचं कडं असतं, शामी म्हणतात तिला. मी पटाशी खिडकीत नेली आणि शामीला छोट्या हातोडीनं चारी बाजूंनी टिचक्या मारल्या. शामी ढिली झाली, पुढं सरकली.

शामीखालचं पोलाद काळपट राहतं, कधी गंजाचा पट्टा असतो. इथं पांढरट अर्धचंद्र होता. काठ मऊ, वरच्या पोलादात विरघळत गेलेले. आणि मुठीचं लाकूड त्याच्या दोन्ही अंगांनी किंचित वर चढून पोलादाला बिलगलेलं.

मी ते लाकूड बोटानं दाबलं. ते दबलं. बोट काढलं तेव्हा तिथं फिकट ठसा राहिला, आणि मी बघत असताना तो हळूहळू भरून आला.

"काय गं?" हे दारातून म्हणाले.

"शामी ढिली होती."

मी शामी मागं ठोकली. मग मोरीवर जाऊन हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले.

६

धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. बरोबर एक नवा वाडगा, गेल्या आठवड्यात कातलेला, आमच्यासाठी. वाडगा बघून यांनी शीळ घातली. काठ कागदासारखा पातळ, आतून बोट फिरवलं तर कुठं लाट नाही, थांबा नाही. असं काम वडिलांनीही क्वचित केलं असेल.

मी तिला चहा दिला. तिनं कप उचलला. कप बशीत वाजला, चहा तिच्या मनगटावर सांडला. तिनं कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून पुन्हा उचलला.

"हात अजून थरथरतो तुझा," मी म्हणाले.

"लेथपाशी गेलं की थांबतो."

"पूर्ण?"

"ताई, वाडगा बघ ना." ती हसली. "हात कशाला बघतेस?"

मी म्हणाले, पटाशी फुटलीय, टाकून दिली. धाकटी उठली, सरळ मागच्या खोलीत गेली आणि पहिल्याच झटक्याला बरोबर तोच खण उघडला. पटाशी पदराखाली घेऊन ती माझ्यासमोरून गेली. जाताना म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही, नेहमीच पकडली जातेस." लहानपणी म्हणायची तसंच, लाडानं. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

दिवसभर माझ्या हातून एक काम धड झालं नाही. वाडगा टेबलावर होता. आत बोट फिरवून मी काहीतरी शोधत होते. धाकटीच्या कामात तिची एक खोड असते. तळाशी पोचताना ती क्षणभर थबकते, तिथं एक बारीकशी रेघ राहते. वडील त्यावरून तिला बोलायचे. मी वाडगा उन्हात धरला, तिरका केला, भिंग लावलं.

रेघ नव्हती. तो वाडगा धाकटीचा नव्हता.

७

तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता मी गेले. गल्लीत पोस्टमन सायकल ढकलत होता, समोरच्या गॅलरीत कुणी चादर झटकत होतं. सगळं इतकं नेहमीचं होतं, की किल्ली लावताना मला माझीच लाज वाटली.

आत लेथ चालू होता. पटाशी लाकडात नीट बसली की सुर्रर्र असा सलग आवाज येतो, सफरचंदाची साल एकसंध निघावी तसा. तो येत होता. मी स्वयंपाकघर ओलांडलं. कामाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

धाकटी दाराकडे पाठ करून स्टुलावर बसली होती. पलीकडे लेथवर ओंडका फिरत होता आणि तिच्या खांद्यावरून ढलप्यांच्या लांब लांब रिबिनी उडत होत्या. पटाशीच्या मुठीचं टोक मला तिच्या दंडापलीकडे दिसत होतं. ते सावकाश झुलत होतं, पुढं जात होतं, पुन्हा मागं येत होतं. मी तिचं नाव घेणार होते. तेवढ्यात मला तिचे हात दिसले.

दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. उजवा डाव्यात धरलेला. थरथरत होता.

मी दाराची चौकट धरली. खिडकीतून उन्हाचा पट्टा लेथवर तिरका पडला होता आणि त्यात भुसा तरंगत खाली येत होता, जमिनीवर, बाकावर, धाकटीच्या केसांवर. मुठीच्या मागं मात्र तो खाली पोचत नव्हता. हवेतच टेकत होता. एक तिरकी, जाडसर रेघ होत होती भुशाची, कोपरात वाकल्यासारखी. मग ती हलली आणि भुसा गळून पडला.

"ताई," मागं न बघता धाकटी म्हणाली, "चहा ठेव. मी आले."

८

लेथ चालूच होता. धाकटी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली होती आणि लेथ चालू होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सुरुवातीला मीच धरायचे. जमत नव्हतं गं. तुला सांगितलं नाही, तू इतकी खूश होतीस. मग एक दिवस चिडून सोडून दिली हातातून." ती थांबली. "पडली नाही."

"आणि तू पळाली नाहीस?"

"लेथ चालू होता. चालू लेथ सोडून जायचं नाही, वडील नाही का म्हणायचे?" तिनं हसायचा प्रयत्न केला.

"धाकटे, ते टाकून देऊ. भट्टीत घालू. मी तुला दुसरी..."

"हळू बोल." तिनं दाराकडे पाहिलं. पलीकडचा सुर्रर्र क्षणभर बारीक झाला होता. ती पुढं झुकली, तिचे डोळे भरून आले. "तू डबे आणायचीस, सगळं करायचीस, मी विसरले नाही. पण संध्याकाळी तू घरी जायचीस, ताई. मी त्या भिंतीसमोर बसायचे. आता निदान खोलीत काम चालू असतं. मला परत रिकामी बसवू नकोस."

मी तिचा हात धरला. तो माझ्या हातात फडफडत राहिला, पकडलेल्या पाखरासारखा.

मग लेथ थांबला. बटण बंद झाल्याचा आवाज मला स्पष्ट आला. ओंडका फिरत फिरत मंदावला. कुणीतरी लेथच्या टेकूवर पटाशी ठोकली, टक टक, भुसा झाडायला ठोकतात तशी. आम्ही दोघी उठलो. खोली रिकामी होती. पटाशी उंबऱ्यावर पडली होती, मूठ माझ्या बाजूला करून. हत्यार देताना मूठ समोरच्याकडे करायची असते.

"धारेला," धाकटी हळूच म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाकडून लावून घ्यायची नाही म्हणून..."

मी वाकले आणि पटाशी उचलली. गरम होती.

९

वाटेत माझं ठरलं. ती माझ्याकडे झिजायलाच येते ना? मग झिजवायची. मुठीपर्यंत, शामीपर्यंत, त्या पांढऱ्या अर्धचंद्रापर्यंत, दगडाखाली भुकटीशिवाय काही उरू द्यायचं नाही. धाकटी रडेल, बोलायची नाही, वर्षभर बोलायची नाही. पण ती तरी राहील.

यांनी मशीनवरून मान वर केली. "भेटली का?"

"भेटली. जरा काम आहे," मी म्हणाले आणि मागं गेले. दार लावून घेतलं. ग्राइंडर सुरू केला, दगडानं वेग घेतला. मी पटाशी टेकूवर ठेवली आणि आयुष्यात जे कधी केलं नाही ते केलं. सगळा जोर एकवटून तिला दगडात रेटली.

रेटली गेली नाही. दगड तिला केसभरच घासत होता. मी खांदा लावला, पाय रोवले. ती माझ्या मुठीत किंचित वळली, हवा तो कोन तिनं घेतला आणि डावीकडे झुलली. मग उजवीकडे. जोर न लावता, नीट, लावायला हवी तशी. पांढरी भुकटी पत्र्यावर पडू लागली, तो वास सुटला. माझं मनगट तिच्याबरोबर फिरत होतं. मी थकले. दंडातलं बळ गेलं, बोटं सैल पडली, आणि झुलणं तसंच चालू राहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा हात नुसता वर ठेवलेला आहे.

मी तो उचलला. दुसराही उचलला. दोन्ही हात छातीशी धरून भिंतीला टेकले.

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

"झालं का गं?" यांनी हाक मारली.

"अजून नाही," मी म्हणाले. धार लागतच होती.